शिदबानं बिऱ्हाड हलवलं

एक होतं गाव, आणि त्या गावात राहायचा एक भोळा गडी. त्याचं नाव शिदबा. भोळा म्हणजे किती भोळा? एकदा बाजारात बैल विकायला नेला. गिऱ्हाइकानं विचारलं, "मारका हाय का?" शिदबा बैलाकडे वळला आणि म्हणाला, "सांग बाबा, काय आसंल ते खरं सांग."

अंगानं मात्र तो दणकट होता. पोत्यावर पोतं उचलायचा. आणि बायको म्हणेल ती पूर्व दिशा. लोक म्हणायचे, शिदबाला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. हे साफ खोटं. पालथ्या घड्यावरचं पाणी निदान वाहून तरी जातं. शिदबात ओतलेलं सगळं राहायचं. फक्त तो ते भलत्याच वाफ्याला द्यायचा.

त्याची बायको हौसा. या हौसानं अकरा वर्षं थोरल्या जावेच्या हाताखाली काढली होती. जावेचं नाव बायजाक्का. बायजाक्का वाईट बाई नव्हती. मिठाच्या डब्यापासून मांजराच्या शेपटीपर्यंत घरातल्या सगळ्यावर तिची सत्ता होती, एवढंच. हौसा विचारायची, "आक्का, आमटीत मीठ किती घालू?" बायजाक्का सांगायची, "दोन चिमटं." आमटी चांगली झाली तर ती बायजाक्काची. अळणी झाली तर हौसाची. हौसाच्या खोलीच्या दाराला कडी नव्हती. बायजाक्का वेळी-अवेळी आत यायची आणि गाडगी-मडगी उघडून बघायची.

पुढं भावाभावांच्या वाटण्या झाल्या. शिदबाच्या वाट्याला ओढ्यापलीकडचा माळ आला. हौसानं तिथं तीन खणांचं घर उभं केलं. स्वतः माती तुडवली, स्वतः भिंती लिंपल्या. ओसरी तेवढी राहून गेली. पण सुताराकडून सगळ्यात आधी काय करून घेतलं असेल, तर दाराला आतून लावायचा सागवानी अडसर.

"माजं दार, माजा आडसर," ती म्हणाली. "आता मी लावीन तवा लागंल आन् मी काढीन तवा निघंल."

बिचारी. बोलून गेली खरी.

भटजींनी पंचांग काढलं. म्हणाले, "सोमवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांपासून बारा बावीसपर्यंत मुहूर्त आहे. हा चुकला तर पुढं चातुर्मास. मग कार्तिक उलटल्याशिवाय नाव काढायचं नाही."

"सामान आधी न्हेलं तर चालंल?" हौसानं विचारलं.

"चालेल. पण घरधन्यानं आतून दार उघडायचं आणि लक्ष्मीनं बाहेरून यायचं, मुहूर्तावरच, उजव्या पायानं. जुन्या चुलीतला निखारा घरातल्या थोरल्या बाईनं आणायचा. त्यावर नवी चूल पेटवायची, दूध उतू घालायचं. आणि एक ध्यानात ठेव. मुहूर्ताला जिचं पाऊल आत पडेल, ती त्या घरची लक्ष्मी. दुसरीनं मग पुढच्या मुहूर्तापर्यंत तिथं नांदायचं नाही."

हौसा मनात म्हणाली, दुसरी कोण येतीय मरायला माळावर!

पाऊस लागून पंधरा दिवस झाले होते. वारा असा, की माणूस निघायचा एकीकडं आणि पोचायचा दुसरीकडं. चार दिवस थांबावं म्हटलं, तर बायजाक्का म्हणाली, "सोमवारी खोली मोकळी पायजे. मला कांदं भरायचं हायती." म्हणजे भर पावसात बिऱ्हाड हलवायचं आलं. थोरल्या दिराची कंबर धरलेली. ओझ्याला शिदबा एकटाच.

हौसानं नवं घर शेणानं छान सारवलं. सारवत सारवत मागं सरकत उंबऱ्याबाहेर आली आणि उठली. आता आत पाऊल टाकायचं ते सोमवारीच. अंगणातल्या शेळीच्या छपरात तिनं ठाण मांडलं. शिदबानं ओढ्यापलीकडून एकेक वस्तू आणायची, हौसानं बघून घ्यायची, शिदबानं आत नेऊन ठेवायची, असं ठरलं. शुक्रवारी सकाळी त्याला धाडताना ती मायेनं म्हणाली, "पावसाचं जपून जावा. भिजू नका. तुमाला पडसं लगीच हुतं."

"न्हाय भिजत," शिदबा म्हणाला.

पहिली खेप गाद्यांची. दोन कापसाच्या गाद्या, हौसाच्या माहेरच्या. शिदबानं त्या उलगडल्या, एकावर एक ठेवल्या, डोक्यावर पसरून घेतल्या आणि निघाला. धो धो पाऊस. शिदबा आला तो खडखडीत कोरडा. गाद्यांतून मात्र धारा लागलेल्या. म्हशीनं डुंबून यावं तशा दिसत होत्या.

"ह्ये काय केलं?"

"भिजलो न्हाय," शिदबा म्हणाला. "बघ, टोपी बी सुकीच हाय."

हौसानं कपाळावर हात मारला. "आवं, आसं नसतंय करायचं! पावसात सामान आनायचं तर ताडपत्रीत गुंडाळायचं. दोरीनं करकचून बांधायचं. वारा शिरायला येवडीशी फट ऱ्हायला नको. खूणगाठ बांधा!"

"बांधतो," म्हणून शिदबानं खांद्यावरच्या पंचाच्या टोकाला एक गाठ मारली. खरीच मारली. आणि वाटभर घोकत गेला, "ताडपत्री, करकचून, फट नको."

दुसरी खेप कोंबड्यांची. डालग्यात पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. शिदबानं डालगं ताडपत्रीत गुंडाळलं. दोरीचे सात वेढे दिले. एका ठिकाणी फट दिसली, तिथं चिखल लिंपला. कोंबडा आतून ओरडला. शिदबा म्हणाला, "ओरडू नगंस. तुज्याच भल्यासाठी चाललंय." ओढ्यापर्यंत कोंबडा ओरडत होता. पुढं गप्प झाला. शिदबाला वाटलं, समजलं त्याला.

हौसानं गाठी सोडल्या तेव्हा सहाही जण माना टाकून पडले होते. तिनं पाणी मारलं, वारा घातला, कोंबड्याच्या चोचीत फुंकर मारली. पाच उठले. एक कोंबडी उठली नाही.

"ह्ये काय केलं?"

"एक थेंब आत गेला न्हाय," शिदबा म्हणाला.

"आवं, आसं नसतंय करायचं! तोंड उघडं ठेवायचं. वारा लागू द्यायचा. मदी मदी थांबून आत बघायचं, बरं हाय का न्हाय. बांधा गाठ!"

शिदबानं दुसरी गाठ मारली. त्या दिवशी जेवणात कोंबडीचा रस्सा होता. शिदबा दोनदा भात मागून जेवला आणि त्याला मनापासून वाटलं, की आपलं काम अगदीच काही वाया गेलं नाही.

शनिवारी पाऊस थांबला होता, पण वारा पिसाळला होता. हौसानं सांगितलं, "आज पिठाचा डबा आना." डबा मोठा, सोमवारच्या पुरणपोळ्यांचं गव्हाचं पीठ काठोकाठ भरलेलं. शिदबानं आधी झाकण काढलं. तोंड उघडं ठेवायचं. मग डबा वाऱ्याकडं धरला. वारा लागू द्यायचा. वीस पावलांवर थांबून आत वाकून बघायचा आणि विचारायचा, "बरं हाय का?" पीठ त्याच्या तोंडावर यायचं. तो म्हणायचा, "बरं दिसतंय."

माळावर एक पांढरा माणूस चढून आला. शेळी दावं तोडून पळाली. हौसाही दोन पावलं मागं सरली. मग पांढऱ्यात दोन डोळे दिसले, ओळखीचे, समाधानानं भरलेले. तिनं डब्यात बघितलं. तळ लखलखत होता.

"ह्ये काय केलं?"

"शंभर येळा थांबून बघितलं," शिदबा म्हणाला. "मोजलंय."

"आवं, आसं नसतंय करायचं! वाऱ्यातनं हलकी चीज आनायची तर वर जड वजन ठेवायचं. पाटा ठेवायचा पाटा, म्हंजी हलत न्हाय आन् उडत न्हाय!"

तिसरी गाठ.

दुपारच्या खेपेला आरसा होता. तो नुसता आरसा नव्हता. हौसाच्या आईनं लेकीला दिलेला, शिसवी चौकटीचा. अकरा वर्षं तो बायजाक्काच्या खोलीत होता. "तुजी खोली काळोखी, तुला काय दिसनार त्यात?" असं म्हणून तिनं तो नेला होता. आता वाटणीत परत मिळाला होता. नव्या घरात दारासमोरच्या भिंतीवर त्याच्यासाठी खिळा मारून तयार होता. हौसा सकाळपासून त्या खिळ्याकडंच बघत होती.

शिदबानं आरसा आडवा केला. वाऱ्यानं चौकट जराशी हलली. झालं! त्यानं वर पाटा ठेवला. आवाज झाला. शिदबानं कान देऊन ऐकलं. आरसा आता हलत नव्हता. तरी खात्रीला त्यानं वरवंटाही ठेवला.

चौकट आली. काचा त्यानं नीट गोळा करून पंचात आणल्या होत्या, एकही वाटेत सांडली नव्हती.

या वेळी हौसानं 'हे काय केलं' म्हटलं नाही. ती चौकटीशेजारी बसली आणि रडली. एका तुकड्यात तिचा एक डोळा दिसत होता, दुसऱ्यात नाकातली चमकी. शिदबाला फार वाईट वाटलं. तो हळूच म्हणाला, "उडाला तर न्हाय ना."

हौसानं डोळे पुसले. मग दमलेल्या आवाजात म्हणाली, "आवं, काचंचं आसं नसतंय करायचं. लेकरावानी छातीशी धरायचं. एकेक पाऊल जपून टाकायचं. पाय घसरला तर आपुन खाली पडायचं, पर चीज वर ठेवायची. आपल्याला लागलं तर लागू द्यायचं, चिजंला धक्का लागू द्यायचा न्हाय."

शिदबानं चौथी गाठ मारली. चांगली घट्ट मारली. या खेपेला चुकायचं नाही, असं त्यानं ठरवलं. आपल्या बायकोनं एकदा, फक्त एकदा, आपल्याला 'शाबास' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. माणसाची इच्छा चांगली असली, की देवाला ती पुरी करताना किती अडचणी येतात बघा.

रविवारी जातं. पावसानं वाटेचं लोणी केलेलं. शिदबानं जात्याचे दोन्ही दगड दोरीनं एकत्र बांधले, उचलून लेकरासारखे छातीशी धरले आणि निघाला. ओढ्याच्या उतारावर पाय घसरला. दुसरा कुणी असता तर त्यानं जातं सोडून बाजूला उडी मारली असती. शिदबानं हवेतल्या हवेत गिरकी घेतली, आपण खाली गेला आणि जातं वर घेतलं. जात्याला धक्का लागला नाही.

दोन तासांनी लखू कुंभार गाढव घेऊन त्या वाटेनं आला. त्याला चिखलात एक जातं दिसलं आणि जात्याखाली दोन पाय.

"कोन हाय रं?"

"म्या शिदबा. जातं बरं हाय का बघ जरा."

लखूनं जातं गाढवावर घातलं आणि शिदबाला धरून माळावर आणलं. बरगड्या शाबूत होत्या, तेवढं नशीब. हौसाचा जीव आधी घाबरा झाला, मग भांड्यात पडला आणि मग तिचा पारा चढला.

"आवं, आसं नसतंय करायचं! जड चीज अंगावर घेत्यात व्हय? जड चीज सुटी करायची. भाग भाग येगळं करायचं, खुना करायच्या आन् गाढवाच्या पाठीवर घालून सरळ जागंवर आनायचं. लखूभावजी, आजच्या दिस गाढव देता का?"

लखूनं गाढव दिलं. शिदबानं पाचवी गाठ मारली. राहिला होता पलंग.

आणि काय सांगावं! शिदबानं पलंग बरोबर सुटा केला. पाय काढले, फळ्या काढल्या, प्रत्येकीवर कोळशानं खुणा केल्या. ताडपत्रीचं या गाठीत काही नव्हतं, म्हणून ती छपरातच राहिली. पण गाढवाच्या पाठीवर सगळं नीट बांधलं. गाढवाला हळूहळू चालवलं. ओढ्यातून सावकाश नेलं. हौसानं लांबून पाहिलं आणि तिच्या मनात आलं, आज मेलं काहीतरी धड होतंय. ती शेळीला धरायला जराशी वळली, तेवढ्यात शिदबा गाढव घेऊन सरळ जागेवर गेला.

जागेवर म्हणजे घरात. माजघरात. जिथं पलंग मांडायचा होता, तिथं.

गाढव पोटापर्यंत चिखलानं भरलेलं, फळ्यांतून पाणी गळतंय. गाढवानं अंग झाडलं. नव्या भिंतीवर शिंतोडे उडाले. हौसानं दिवसभर खपून केलेल्या सारवणात चार खुरांचे खड्डे पडत गेले. परत फिरताना आणखी पडले. हौसा दारात उभी. बघत होती, पण आत जाऊ शकत नव्हती. उंबऱ्यावर हात आपटत म्हणाली, "बाहीर काडा त्याला! बाहीर काडा!"

शिदबानं दोघांनाही बाहेर काढलं, गाढवाला आणि स्वतःला.

"तूच म्हनलीस, सरळ जागंवर," तो म्हणाला.

लखूची बायको देवासारखी धावून आली. माती कालवायची तिला सवयच. तिनं खड्डे बुजवले, पुन्हा सारवून दिलं, शेगडी ठेवून जमीन सुकवली. ती गेल्यावर हौसानं शिदबाला समोर बसवलं आणि एकेक शब्द कुदळीनं घालावा तसा त्याच्या डोक्यात घातला.

"नीट ऐका. ह्येच्यापुढं ओली चीज उंबऱ्याच्या आत घ्यायची न्हाय. आदी बाहीर फुसायची. कोरडी झाली का न्हाय ते बोट लावून बघायचं. मगच आत. कुनी का आसंना, कुनी का सांगंना! मी जरी सांगितलं तरी न्हाय!"

"तू सांगितलंस तरी न्हाय," शिदबानं म्हटलं, आणि सहावी गाठ मारली. पंचाला आता गाठी मारायला टोक उरलं नव्हतं.

सोमवार उजाडला. आणि नवल म्हणजे, ऊन पडलं. हौसा जुन्या घरी गेली, न्हाली, हिरवं लुगडं नेसली. जाताना शिदबाला नव्या घरात बसवून गेली. "आमी आलो का दार उघडा. तंवर कुत्रं-मांजर आत घिऊ नका."

अकराच्या पुढं मंडळी निघाली. हौसाच्या हातात पाण्यानं भरलेला कलश, वर नारळ. भटजींकडं देवांची परडी आणि छत्री. बायजाक्काच्या हातात खापरात जुन्या चुलीचा निखारा. मागून आळीतल्या चार-पाच बाया. ओढा ओलांडला आणि आभाळ फुटलं. हौसाकडं इरलं होतं, पळसाच्या पानांचं, चांगलं पाठभर. तिनं क्षणभर विचार केला. आपण भिजलो तर भिजलो. निखारा विझला तर चूल कशी पेटायची?

"आक्का, ह्ये इरलं तुमी घ्या," ती म्हणाली. "निखारा जपा."

बायजाक्कानं निखारा पोटाशी धरला आणि इरल्यात शिरली. वाऱ्यानं भटजींची छत्री उलटी केली.

बारा वाजून नऊ मिनिटांनी मंडळी दारात उभी राहिली. भटजींनी घड्याळ बघून हाळी दिली, "शिदबा, दार उघड!"

दार उघडलं. शिदबा उंबऱ्याच्या आत उभा होता, अंघोळ करून, कोरडी टोपी घालून. त्यानं मंडळींकडं पाहिलं. मग एक पाऊल पुढं झाला आणि हौसाच्या पदराला बोट लावलं.

"ओली हायस," तो म्हणाला.

"बाजूला व्हा. मला आत येऊ द्या."

"थांब." त्यानं पंचानं तिचा खांदा पुसला. बोट लावलं. ओला. पुन्हा पुसला. वरून पाऊस पडतच होता. पुन्हा ओला. "न्हाय जमत. आदी बाहीर सुकावं लागंल. आन् ह्या तांब्यात तर निस्तं पानीच हाय."

"आवं, मुहूर्त चाललाय! मी सांगतीय, मला आत घ्या!"

"तू सांगितलंस तरी घ्यायचं न्हाय," शिदबा समजुतीनं म्हणाला. "तूच सांगितलंस."

भटजी पुढं आले. शिदबानं त्यांच्या धोतराला बोट लावलं. "तुमी बी गुडघ्यापतूर ओलं." त्यानं आळीतल्या बायांना बोट लावलं, एकेकीला, कुणाचा मान न मोडता. सगळ्या ओल्या. मग तो बायजाक्काजवळ आला.

"वैनी, इरलं ओलं हाय. त्ये बाहीर ठेवा."

बायजाक्कानं इरलं खाली ठेवलं. इरल्याखालची बायजाक्का खडखडीत कोरडी होती. शिदबानं तिच्या पदराला बोट लावलं, खापराला लावलं, चटका बसला तरी नीट लावून बघितलं. तिचे पाय पंचानं पुसले.

"या," तो म्हणाला. "तुमी या आत."

भटजी ओरडले. हौसा ओरडली. बायजाक्का ओरडली नाही. ती म्हणाली, "भावजी म्हंत्यात तर मी कशाला मोडू?" आणि बारा वाजून बारा मिनिटांनी तिनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. उजवंच टाकलं. जुन्या वळणाची बाई, रीत कशी चुकेल?

"पावसाची झड आत येतीया," म्हणून शिदबानं दार लावलं. आणि हौसाचा सागवानी अडसर घातला. सुतारानं काम फार चांगलं केलं होतं. हौसानं मुठी आपटल्या, भटजींनी खांदा लावला. अडसर हलला नाही.

पावसात उभं राहून बाहेरची मंडळी आतलं ऐकत होती. निखारा चुलीत पडल्याचं ऐकू आलं. फुंकणीचा आवाज आला. कौलांतून धूर निघाला, हौसाच्या चुलीचा पहिला धूर. मग बायजाक्का म्हणाली, "साखर कुटं ठेवलीया हिनं? डबं बी नीट लावलं न्हाईत." आणि जरा वेळानं शिदबाचा आनंदानं भरलेला आवाज आला, "गेलं! दूध उतू गेलं!"

भटजींनी घड्याळ पाहिलं. बारा बावीस.

मग पाऊस थांबला. ऊन पडलं, चांगलं कडक. अडसर निघाला. शिदबा हसत बाहेर आला. त्यानं हौसाला उन्हात उभी केली, पंचानं पुसली, गाठी टोचू नयेत म्हणून हळू पुसली. बोट लावून बघितलं.

"आता कोरडी झालीस. ह्या खेपेला एक बी चूक न्हाय झाली बघ. सारवनाला डाग न्हाय. शाबास म्हन की."

हौसा भटजींकडं बघत होती. भटजींनी पंचांग उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्यात काही बदल झाला नव्हता.

"पाऊल पडलं, चूल पेटली, दूध उतू गेलं," ते म्हणाले. "शास्त्राप्रमाणं या घरची लक्ष्मी आता ही. तुला कार्तिक उलटल्यावर बघू."

आतून बायजाक्का म्हणाली, "हौसे, मीठ किती लागतंय ते मला इचार हां. आता हितं बी मीच बघनार."

हौसा मटकन अंगणात बसली. अकरा वर्षं तिनं ज्या दाराची वाट बघितली, ते दार समोर सताड उघडं होतं. "म्हंजी कार्तिकापतूर म्या ऱ्हाऊ कुटं?" तिनं विचारलं.

शिदबाला तिची फार दया आली. तो डोकं खाजवून विचार करू लागला. खूप विचार केला. आणि एकाएकी त्याचा चेहरा उजळला.

"आगं, आपली जुनी खोली हाय की! कांदं अजून भरलं न्हाईत."

हौसानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. तेवढ्यात माळावर पुन्हा आभाळ भरून आलं आणि पहिले चार थेंब पडले. शिदबानं पंचाची पहिली गाठ चाचपली.

"भिऊ नगंस," तो म्हणाला, "ह्या खेपेला मी तुला भिजू देनार न्हाय." आणि त्यानं छपरातली ताडपत्री उलगडली, आणि दोरी घेतली.